हायड्रोजन कुठे गेला?

आदरणीय सर,

फोनवर तुमचे आभार मानून दोनदा झाले. दोन्ही वेळा तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या वायूंचा तो रिपोर्ट आला त्या सकाळी माझे हातपाय गळाले होते. मुख्य टाकीच्या तेलात ॲसिटिलीन 36 पीपीएम (दशलक्षात 36 भाग), इथिलीन 18, मिथेन 8. आधीच्या नमुन्यात ॲसिटिलीन नावालाही नव्हतं. मी लगेच डुव्हालचा त्रिकोण काढला, म्हणजे या तीन वायूंच्या टक्केवारीवरून दोष ओळखायचा तक्ता. तिघांची बेरीज 62, त्यात ॲसिटिलीन 58 टक्के, इथिलीन 29. बिंदू सरळ डी-2 मध्ये पडला, म्हणजे मोठ्या ऊर्जेचं आर्किंग, आत विजेची मोठी ठिणगी. भरपूर ॲसिटिलीन निघायला तेल 700 अंशांच्याही वर तापावं लागतं, हे मला पाठ होतं. टाकीतून सुटलेला वायू जमला की इशारा देणारा बुखोल्झ रिले गप्प होता, पण त्याचा मला धीर आला नाही. तेलात विरघळलेला वायू रिलेत जमत नाही. बुडबुडे सुटू लागल्यावरच तो बोलतो. मी शटडाऊनचा अर्ज लिहायला घेतला. मनातल्या मनात टाकी उघडूनही झाली होती.

तुम्ही आलात, कागदावरून एकदा नजर फिरवलीत आणि विचारलंत, “अगं, हायड्रोजन कुठे गेला?”

हायड्रोजन होता 13. तो आकडा मी पाहिलाच नव्हता, कारण डुव्हालच्या त्रिकोणात त्याला जागाच नाही! तेलात आर्क पेटला की ॲसिटिलीनबरोबर हायड्रोजनही ढिगाने निघतो. इथे ॲसिटिलीन त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट. तुम्ही म्हणालात, एक तर सिरिंजमधून हायड्रोजन निसटलाय, नाहीतर हे तेल या टाकीचं नाहीच.

पहिली शंका माझ्यावरच होती, कारण नमुना मीच घेतला होता. पण तुम्ही एका शब्दाने टोचलं नाहीत. सिरिंज उचललीत आणि माझ्यासोबत व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसलात. आधी व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल वाहू दिलंत, मग सिरिंज त्याच तेलाने विसळून ते टाकून दिलंत, मग कुठे नमुना भरलात. एक बारीक बुडबुडा राहिला तर सिरिंज उभी धरून तो बाहेर काढलात. हायड्रोजन तेलात फारसा विरघळत नाही, आधी पळतो तो त्याच बुडबुड्यात. वर सिरिंज उजेडापासून झाकायला लावलीत. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण इतक्या सावकाश करताना कुणाला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या नमुन्यातही हायड्रोजन 14 च. मग राहिला टॅप चेंजर, व्होल्टेज कमी-जास्त करणारा भाग. त्याच्या डायव्हर्टरच्या, म्हणजे प्रवाह एका टॅपवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या स्विचच्या, वेगळ्या कप्प्यात प्रत्येक टॅप बदलताना छोटा आर्क होतो, ते त्याचं रोजचंच काम. तिथला हायड्रोजन ब्रीदरवाटे, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटेने, बराचसा उडून जातो, ॲसिटिलीन तेलातच राहतं. तेच तेल झिरपून मुख्य टाकीत आलं, तर रिपोर्ट अगदी माझ्या हातातल्यासारखा दिसतो. संध्याकाळ झाली होती. तुम्ही टॉर्च घेऊन दोन्ही कंझर्व्हेटरच्या, म्हणजे वरच्या तेलाच्या साठवण टाक्यांच्या, काचा पाहिल्यात. मोठ्याची, म्हणजे मुख्य टाकीच्या, पातळी जागच्या जागी, छोट्याची, म्हणजे टॅप चेंजरच्या, मागच्या नोंदीपेक्षा उतरलेली, आणि बाहेर कुठेही तेलाचा ओघळ नाही. आमच्याकडे छोटा कंझर्व्हेटर मोठ्यापेक्षा उंचावर आहे, त्यामुळे तेल कुणीकडून कुणीकडे जाणार हे सांगायची गरजच उरली नाही.

पण तेवढ्यावर तुम्ही निर्धास्त झाला नाहीत, याचे आभार जास्त. टाकीच्या भिंतीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून आत कुठे डिस्चार्जचा आवाज येतो का ते ऐकलंत. आठवडाभर रोज नमुना घ्यायला लावलात. हायड्रोजन चढू लागला किंवा बुखोल्झचा अलार्म वाजला, तर कुणालाही न विचारता बंद करायचं, हे लेखी देऊन ठेवलंत. एकाने मध्येच सांगितलं की तेलाचा बीडीव्ही (किती व्होल्टेजपर्यंत तेल टिकतं तो आकडा) उत्तम आहे, काळजी कसली! तुम्ही नुसते हसलात. बीडीव्ही ओल आणि कचरा सांगतो, वायूंबद्दल त्याला काही ठाऊक नसतं, हे मला नंतर जिन्यात समजावलंत. त्या माणसासमोर नाही.

शटडाऊन झाला, पण ठरवून. कप्प्यावर दाब देऊन पाहिला तर तळाच्या गॅस्केटमधून तेल पाझरत होतं. मुख्य टाकी उघडावी लागली नाही. माझा तो अर्ज गेला असता तर आम्ही ती उघडून बसलो असतो, आतल्या इन्सुलेशनच्या कागदाला बाहेरची हवा दाखवली असती आणि दोष सापडला नसता.

शेवटी तेलातला वायू काढून टाकायचा आग्रहही तुमचाच. जुनं ॲसिटिलीन तसंच राहिलं तर उद्याचा खरा दोष त्याच्याआड लपेल, म्हणालात. पुढच्या नमुन्यात ॲसिटिलीन थोडं परत दिसलं. कागदात मुरलेलं तेल हळूहळू ते सोडणार, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी त्या रात्री फोन केला नाही. त्यानंतरच्या तीन नमुन्यांत आकडा जागचा हललेला नाही.

टॉर्च माझ्याकडेच राहिलीय, सर. सेल बदललेत. न्यायला या, त्या निमित्ताने टॅप चेंजरची नवी नोंदवहीही बघून जा.

तुमची,
अर्ज अर्धवट टाकलेली विद्यार्थिनी