‘रिस्पॉन्स २००’ म्हणजे कापसाचा भाव नव्हे!

मा. संपादक साहेब,
स. न.

माझी पुतणी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला आहे, दिवाळीत घरी आली तेव्हा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कापसाचे भाव नेटवरून खेचायचा प्रोजेक्ट करत होती. रेंजसाठी गच्चीवर बसून प्रोग्राम चालवला तर स्क्रीनवर कंसात फक्त ‘रिस्पॉन्स २००’. आमचे मोठे बंधू मागून डोकावले, "दोनशे? काहून बाप्पा, एवढा पडला का भाव?" हसून हसून पुरेवाट झाली, पण पोरीलाही पुढचं सुधरत नव्हतं. २०० म्हणजे सर्व्हरनं मागितलेलं दिलं एवढंच, भाव आत आहे. हे जे हाती येतं त्याला ऑब्जेक्ट म्हणतात, म्हणजे माहिती अन् तिची कामं एकत्र बांधलेली वस्तू. त्याची व्याख्या मात्र तिला तोंडपाठ!

मी जिनिंगवर हिशेब बघतो, पायथन फावल्या वेळात शिकलो. आमच्याकडे गाडी आली की ग्रेडर वरवर पाहून भाव करत नाही, कोपरापर्यंत हात घालून तळचा मूठभर कापूस काढतो, ओलावा बघतो, कवडी (किडका कापूस) बघतो. पायथनमध्येही असाच हात घालता येतो. त्यासाठी तयार फंक्शनं आहेत: टाइप लावला की वस्तू कोणत्या जातीची ते कळतं, डिर लावला की आतली सगळी नावं. आधी डबल अंडरस्कोअरवाल्यांची फौज येते, ती सोडायची, खाली टेक्स्ट (मजकूर), हेडर्स (उत्तरासोबतची माहिती), जेसन (आलेला डेटा उलगडून देणारं) अशी कामाची नावं सापडतात. व्हार्स आतल्या किमतीही दाखवतो (साध्या आकड्याला लावला तर एरर देतो, घाबरायचं नाही).

पुतणीनं जेसनपुढं कंस लावले नाहीत तर ‘बाउंड मेथड’ असं काहीतरी आलं (म्हणजे काम नुसतं दाखवलं, केलं नाही), लावले तर लिस्ट म्हणजे यादी निघाली, लिस्टीत डिक्शनरी (नाव अन् किमतीच्या जोड्या), तिच्या कीज म्हणजे नावं पाहिली तर बाजार, किमान, कमाल सगळं ओळीनं. भाव सापडला, पण त्याचा टाइप निघाला स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर! म्हणजे आकडा दिसतो पण सरासरी निघत नाही, यानंच तिला रात्रभर रडवलं असतं.

तेवढ्यात लाईन गेली अन् रेंजही गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, वस्तूची माहिती सांगणारं हेल्प हे फंक्शन तरी चालूच, कारण ती माहिती लायब्ररीच्या (आयत्या कोडच्या संचाच्या) कोडमध्येच लिहिलेली असते. गुगल करून बघा म्हणणाऱ्या सरांनी आमच्या गावात एक उन्हाळा काढावा.

म्हणून विनंती एवढीच, की प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरांच्या हाती कधी न पाहिलेला एक ऑब्जेक्ट द्या, नेट बंद ठेवा, आणि आत काय आहे ते विचारा. निदान दहा मार्क तरी त्याला ठेवा.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती