सांदण दरीतील सराव पदभ्रमणाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

मे महिन्यातील सार पास (हिमाचल प्रदेशातील हिमालयातली खिंड) मोहिमेसाठी नावे दिलेल्या सर्वांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सह्याद्रीतील सांदण दरी या अरुंद घळीतील एकदिवसीय सरावास यावे. साम्रद गावात सकाळी ७ वाजता जमायचे आहे.

सार पास सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील विरळ हवेचा सराव सह्याद्रीत होणार नाही. मात्र पाठीवर ८ किलो वजन घेऊन मोठमोठ्या शिळांवरून तोल सांभाळत उतरताना व त्याच वाटेने परत चढताना गुडघ्यांची आणि घोट्यांची जी परीक्षा होते, ती शहरातल्या जिन्यांवर होत नाही.

• दोरीने उतरण्याच्या पहिल्या टप्प्यापाशी सर्वांनी मागे फिरायचे आहे. पुढे कोणीही उतरू नये.
• मोहिमेत वापरणार तेच बूट घालावेत. हेल्मेट सक्तीचे आहे.
• वाटेत पाण्यातून जावे लागू शकते, म्हणून कोरडे कपडे व मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणावेत.

आदल्या दोन दिवसांत पाऊस झाल्यास सराव रद्द होईल, कारण अशा अरुंद घळीत पाणी अचानक वाढले तर बाजूला सरकायला जागा नसते. गुडघेदुखी असलेल्यांनी पथकप्रमुखांना बुधवारपर्यंत मोकळेपणाने कळवावे.