त्या दहा प्रश्नांसाठी आभार

बाळ सहा आठवड्यांचं होतं. लसीकरणाला गेले, तेव्हा तिथल्या आरोग्यसेविकेने बाळाचं वजन केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?" मी "बरी आहे" म्हणाले आणि रडूच फुटलं.

बाळंतपणानंतरचा रडवेपणा बहुतेकींचा दोनेक आठवड्यांत ओसरतो. माझा वाढतच चालला होता. बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती. घरी मात्र "सगळ्यांनाच होतं असं" एवढंच.

त्यांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि एडिनबरो प्रश्नावली, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली, काढली. गेल्या 7 दिवसांबद्दलचे 10 प्रश्न. शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, त्यांनी सावकाश वाचला आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबल्या. तेवढा सगळा वेळ बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. "हा आजार आहे, तुमचा दोष नाही," म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांशी गाठ घालून दिली. पुढे आयांच्या गटातल्या बायकांनीही मला एकटं पडू दिलं नाही.

ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. बाळ आता रांगतं. मला रात्री झोप लागते. तुमचे मनापासून आभार.