कॅमेऱ्याच्या आदेशातच जनरेटरचीही तरतूद करा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कर्करोगाचं निदान वाढवायचं ठरलं की पहिली मागणी पेट-सीटी या स्कॅन यंत्राची होते. स्तन, प्रोस्टेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग हाडांत पसरलाय का हे पाहायचं असेल, तर पेटचा किरणोत्सर्गी पदार्थ बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून दूरच्या ठिकाणी आधी स्पेक्ट-सीटी असलेला गॅमा कॅमेरा (शिरेतून दिलेलं किरणोत्सर्गी औषध शरीरात कुठे साठलं ते दाखवणारं, सीटी जोडलेलं यंत्र) द्यावा, अशी आमची विनंती आहे.

पेट स्कॅनसाठी बहुतेकदा वापरलं जाणारं किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. गाडीला चार तास लागले तर निघालेल्या मालाचा पाव हिस्साही पोचत नाही. घाटात दरड कोसळली की त्या दिवशीचे सगळे पेशंट परत. गॅमा कॅमेऱ्यावर होणाऱ्या बोन स्कॅनचं, म्हणजे हाडांच्या स्कॅनचं, किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एम मात्र विभागातच, जनरेटरमध्ये (विजेचा नव्हे; मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम तयार होत राहणारं उपकरण) सलाइन सोडून रोज सकाळी काढता येतं. ते एमडीपी या हाडांत साठणाऱ्या औषधाच्या किटमध्ये मिसळून २० ते २५ मिलिक्युरी शिरेतून द्यायचं, तीन तास थांबायचं, भरपूर पाणी पाजायचं, लघवीला पाठवायचं आणि मग स्कॅन घ्यायचा. प्रोस्टेटसाठी पीएसएमए पेट-सीटी (प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींना चिकटणारं औषध देऊन केलेला पेट स्कॅन) बोन स्कॅनपेक्षा अचूक आहे, हे आम्ही नाकारत नाही. निवडक पेशंट त्यासाठी मोठ्या केंद्राकडे पाठवता येतात.

खरी अडचण कॅमेरा आल्यानंतर सुरू होते. जनरेटरमधलं मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मं होतं. सोमवारी आलेल्या जनरेटरची ताकद शुक्रवारी एक तृतीयांशाच्या आसपास असते, पुढच्या सोमवारी जेमतेम एक षष्ठांश. म्हणजे दर आठवड्याला नवा जनरेटर हवाच. प्रत्येक वेळी नव्याने कोटेशन मागवायचं म्हटलं तर ते जमणारं नाही; फाईल एका टेबलावर चार दिवस थांबली की आठवडा गेला. वर्षभराचा दरकरार, ठरलेल्या वारी पुरवठा आणि बिलांचा निपटारा महिन्याच्या आत, एवढं आदेशातच लिहून द्या. पुरवठादारही दोन ठेवा. २००९-१० मध्ये कॅनडातली चॉक रिव्हर आणि नेदरलँड्समधली पेटन या अणुभट्ट्या बंद होत्या, तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली होती.

पैसे वाचवायला सीटी नसलेला कॅमेरा घेऊ नका. मणक्यांची झीज, जुनं फ्रॅक्चर आणि आपल्याकडे हमखास आढळणारा मणक्याचा टीबीसुद्धा बोन स्कॅनवर काळा ठिपका दाखवतात. सपाट चित्रावर तो ठिपका सांध्यात आहे की मणक्याच्या मुख्य भागात, हे कळत नाही. सीटी जोडला की बहुतेक वेळा उलगडा होतो. तरीही शंका राहिली तर बायोप्सी करावीच लागते.

हाताळणीतल्या चुकाही महाग पडतात. किटच्या बाटलीत हवा गेली की टेक्नेशियम औषधाला जोडायला मदत करणारा त्यातला टिन खराब होतो, टेक्नेशियम सुटं राहतं, मग थायरॉइड आणि जठर उठून दिसतात आणि हाडं फिकी. म्हणून इंजेक्शनआधी, सुटं टेक्नेशियम किती आहे ते दाखवणारी क्रोमॅटोग्राफीची पट्टी तपासायलाच हवी. कपड्यावर सांडलेला लघवीचा थेंब ओटीपोटाच्या हाडातल्या गाठीसारखा दिसतो; कपडे बदलून, त्वचा धुऊन चित्र पुन्हा घ्यायचं. स्तनाच्या कर्करोगात इंजेक्शन विरुद्ध बाजूच्या हाताला द्यायचं, कारण औषध शिरेबाहेर गळलं तर काखेतली लसिका गाठ उजळते आणि कर्करोग तिथे पसरल्यासारखं वाटतं. हे करायला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. तंत्रज्ञ, न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी ही पदं यंत्राच्या खरेदीसोबतच मंजूर करा. इंजेक्शन दिलेल्या पेशंटसाठी वेगळं शौचालय नकाशातच धरा आणि त्या नकाशाला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता मिळेपर्यंत खोलीची एक वीटही रचू नका.

सोबत एक परिपत्रक काढा. लक्षणं नसलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या आणि कमी धोक्याच्या प्रोस्टेटच्या कर्करोगात सरसकट बोन स्कॅन नको. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी त्यावर विसंबू नये. आणि कर्करोगाच्या पेशंटला पाठदुखीबरोबर पायांत कमजोरी आली, लघवी अडली, तर बोन स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय करावा. तिथे काही तासांच्या उशिरानेही माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

आपले,
न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत काम करणारे डॉक्टर व तंत्रज्ञ