रोजचा सुगंध हातभर अंतरापुरताच हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की सुगंधी मालाच्या दुकानात पुरुष गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो : सकाळी मारलेला सेंट संध्याकाळपर्यंत टिकेल असा कोणता? आणि पाठोपाठ, ‘जरा कडकच दाखवा.’ हाच माल विकणारी माणसं म्हणून आमचं म्हणणं उलट आहे. सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांत रोज कामावर जाणाऱ्याने कडक मालाच्या वाटेला जाऊ नये. सहा आसनी रिक्षा, बँकेची रांग, एसी लावून दारं बंद केलेलं ऑफिस, इथे तुमचा वास हातभर अंतरापलीकडे जाता कामा नये.

उन्हात सुगंधाचं काय होतं ते आधी पाहावं. सुगंध म्हणजे उडून जाणारी द्रव्यं. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातलं फळ) ही सर्वांत हलकी. एरवी अर्धा तास रेंगाळणारी ही द्रव्यं आपल्याकडच्या तापलेल्या, कोरड्या हवेत गाडी स्टँडवरून काढेपर्यंत संपत आलेली असतात. व्हॅनिला, अंबर, ऊद अशी जड आणि गोड द्रव्यं मात्र उष्णतेने फुलतात आणि घामात मिसळून त्यांचा दर्प होतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जाताना लावलेला ऊद झकास वाटतो. तोच एप्रिलात दुपारी दोन वाजता शेजारच्याचं डोकं उठवतो. बाटली तीच असते, फरक हवेचा.

दुसरी भानगड नाकाची. लावणाऱ्याचं नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावतं. त्याला वाटतं सेंट उडाला, म्हणून तो आणखी दोन फवारे मारतो. प्रत्यक्षात वास होता तिथेच असतो, फक्त त्याला येत नसतो. काही कृत्रिम कस्तुरी द्रव्यं तर अशी आहेत की कित्येकांना ती मुळातच जाणवत नाहीत, शेजाऱ्याला मात्र स्वच्छ येतात. त्यामुळे टिकला की नाही हे स्वतः हुंगून ठरवू नये. तासाभराने घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावर उभं करून विचारावं. ‘काहीतरी छान येतंय’ असं उत्तर आलं तर प्रमाण बरोबर. ‘कोणता सेंट आहे?’ असं विचारलं गेलं तर एक फवारा कमी करावा.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. चांगल्या पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण ०.१ मि.ली. माल येतो, म्हणजे ५० मि.ली.च्या बाटलीत पाचशेच्या आसपास फवारे. रोजचे दोन धरले तर बाटली आठ महिने चालते. आठ-आठ मारणाऱ्याची दोन महिन्यांत रिकामी होते आणि तो ‘कंपनीने माल कमी भरला’ म्हणून दुकानात येतो.

बाटलीवरच्या फ्रेंच नावांचाही उलगडा करून घ्यावा. ‘ओ द कोलोन’मध्ये सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के, ‘ओ द तॉयलेट’मध्ये ५ ते १५ टक्के, ‘ओ द पार्फम’मध्ये १५ ते २० टक्के, बाकी मुख्यतः अल्कोहोल. हे आकडे ढोबळ आहेत, कंपनीगणिक बदलतात. रोजच्या वापराला उन्हाळ्यात तॉयलेट पुरतं. टक्केवारी जास्त म्हणजे माल उंची, हा समज मनातून काढावा. मंदपणा हाही कारागिरीचाच भाग आहे. १९६६ साली एदमों रुदनित्स्का यांनी दिओर कंपनीसाठी बनवलेला ‘ओ सोवाज’ लिंबाच्या अंगाचा आणि हलका, आणि पुरुषांच्या सुगंधांत त्याचं नाव आजही निघतं.

कोणता वास घ्यावा, असं विचारलं तर आमचं मत वाळ्याला. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना त्याची ओळख करून द्यायला नको. मुळांपासून निघणारं हे तेल जड, पण गोड नाही. मातकट, थोडं धुरकट, कोरडं. जड असल्याने ते उन्हातही हळूहळू उडतं आणि गोडवा नसल्याने घामात चिकट होत नाही. परदेशी परफ्युमवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. गर्लँ या फ्रेंच कंपनीचा ‘व्हेटिव्हेर’ (म्हणजे वाळाच) १९५९ पासून बाजारात आहे. त्यांना लागणारा वाळा हैती आणि जावातून जातो, आपल्याकडे तो उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या भट्ट्यांत तांब्याच्या डेगेत गाळला जातो. वाळ्याखालोखाल देवदार, लव्हेंडर, आणि अगदी थोडा चंदन. मोगरा, केवडा सुंदर आहेत, पण लग्नाच्या मांडवात. फाइल पुढे सरकवताना नकोत.

अत्तर घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. रमजानात विजापूर वेशीच्या बाजारात अत्तराच्या कुप्यांची रांगच लागते. कुपीचं माप तोळ्यावर चालतं : एक तोळा म्हणजे व्यवहारात १२ मि.ली., पाव तोळा ३ मि.ली. पहिल्यांदा पाव तोळाच घ्या. जुन्या पद्धतीत फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवत. चंदन महागल्यापासून बऱ्याच मालाचा आधार लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम बिनवासाचं द्रव्य असतं. ते वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे, न सांगणं ही फसवणूक. कागदावर थेंब टाकून तेलकट डाग राहिला तर भेसळ, ही चाचणी सर्रास सांगितली जाते, पण तिच्यावर विसंबू नका. अस्सल चंदन आणि वाळा इतके जड असतात की त्यांचाही डाग दिवसचे दिवस जात नाही. त्यापेक्षा भाव बघा. शंभर-दोनशे रुपये तोळ्याने शुद्ध चंदन मिळतच नाही. अत्तर लावताना काडीच्या टोकावर येईल तेवढंच, एका मनगटाला किंवा कानामागे. सरबतासारखा हिरवागार खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, पांढऱ्या सदऱ्यापासून दूर ठेवावा, तो रंग धुतल्यावरही सहजी जात नाही.

लावण्याची जागा बहुतेकांची चुकते. फवारा सदऱ्यावर मारण्याची सवय असते. सुती कापडावर वास जास्त टिकतो हे खरं, पण पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात घामाचा वास धुऊनही मागे राहतो आणि नवा सेंट त्याच्यावर बसतो. गणवेश शिवणाऱ्या या शहरात कामाचे निम्मे कपडे मिश्र धाग्याचे, तेव्हा हे ध्यानात असू द्यावं. आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं करा. एक फवारा छातीवर, बनियनच्या आत, वीतभर अंतरावरून. दुसरा मानेच्या मागे, केसांखाली. अर्धा मिनिट वाळू द्या, मग सदरा घाला. छातीवरचा सुगंध अंगाच्या उबेने कॉलरमधून थोडा थोडा वर येतो. मनगटं एकमेकांवर घासू नयेत, वरचा हलका वास लवकर उडतो. कातडी फार कोरडी असेल तर आधी बिनवासाचं व्हॅसलीन पुसटसं लावावं. खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास आहे.

घामावर परफ्युम हा उपाय नाही. घामाला मुळात फारसा वास नसतो, कातडीवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो येतो. त्यावर ॲल्युमिनियमचे क्षार असलेलं, घाम रोखणारं अँटिपर्स्पिरंट रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलं तर सकाळच्या घाईत लावण्यापेक्षा चांगलं काम करतं. ओल्या काखेवर आपली तुरटी फिरवली तरी बराच फरक पडतो. डिओ एका वासाचा आणि वर सेंट दुसऱ्या वासाचा, ही खिचडी मात्र करू नये.

लिंबाच्या किंवा बर्गमॉटच्या सालीचं दाबून काढलेलं तेल घरी मिसळून मानेला लावण्याचे प्रयोग हल्ली मोबाइलवर बघून केले जातात. या तेलांतल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे चट्टे राहतात. दुचाकीवर उघड्या मानेने फिरणाऱ्याला तर हे नक्कीच नको. दाढी केल्या केल्या गालावर अल्कोहोलचा फवारा मारणं म्हणजेही पुरळाला आमंत्रण. बाटली गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये : माल आंबूस होतो, शिवाय अल्कोहोल पेट घेतं. कपाटातला अंधारा खण पुरे.

शेवटी आम्हा विक्रेत्यांबद्दल. गिऱ्हाइकाला कागदाच्या पट्टीवर आणि मग मनगटावर एकच वास द्यावा आणि चार तास फिरून यायला सांगावं. एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त वास दाखवून उपयोग नसतो, नाक बधिर होतं. सुट्या अत्तराच्या कुपीवर आधार कोणत्या तेलाचा ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. पॅकबंद बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर तो ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे नकली माल काउंटरवर मांडूच नये, आणि गिऱ्हाइकानेही स्वस्त मिळतो म्हणून मागू नये.

आपले,
काही सुगंधी द्रव्य विक्रेते, सोलापूर