एसीचे तापमान ठरेल, ताज्या हवेचे काय?

महोदय,

एसीचे तापमान 20 अंशांखाली नेता येऊ नये, असा नियम करण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जून 2025 मध्ये जाहीर केला, तेव्हापासून आमच्या कार्यालयातील रिमोटवरच्या भांडणांना सरकारी आधार मिळाला आहे. तापमान एका अंशाने वाढवले की साधारण सहा टक्के वीज वाचते, हा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या ऊर्जाबचतीच्या केंद्रीय संस्थेचा हिशेब मला मान्य आहे. परंतु या चर्चेत ताज्या हवेचे नावही कोणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

अंधेरीतील आमच्या काचेच्या इमारतीत एकही खिडकी उघडत नाही. दुपारच्या बैठकीत सर्वांना पेंग येते, याचे खापर आम्ही वर्षभर डब्यातल्या भातावर फोडत होतो. एका सहकाऱ्याने कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणून टेबलावर ठेवले, तेव्हा दार लावल्यावर पाऊण तासात त्यावर 1900 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 1900 भाग) हा आकडा दिसला. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. चौकशीअंती कळले, की वीजबिल कमी व्हावे म्हणून बाहेरची हवा आत घेणारी झडपच देखभाल करणाऱ्यांनी बंद केली होती. मुंबईची दमट हवा कोरडी आणि थंड करायला बरीच वीज लागते, त्यामुळे बचत खरीच होती.

झडप सताड उघडणे हाही उपाय नव्हे. हिवाळ्यात इथली हवा धुळीने भरलेली असते, म्हणून बारीक फिल्टर हवा, आणि त्यातून हवा ढकलायला पुन्हा जास्त वीज. ही जादा वीज माझ्या मते एसीचे तापमान वाढवूनच वाचवावी. आमच्याकडे 22 अंशांवर एसीच्या जाळीखाली बसणाऱ्या बाई मे महिन्यात शाल पांघरतात आणि पश्चिमेच्या काचेजवळचे लोक घाम पुसतात. काचेवरचे ऊन बाहेरच्या बाहेर अडवले आणि छताला पंखे लावले, तर 26 अंशांवरही काम सुखाने होईल. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने आपल्याकडच्या कार्यालयांची पाहणी करून बसवलेले आणि 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेने स्वीकारलेले सूत्रही बाहेरच्या हवामानानुसार आतले तापमान चढे ठेवण्याची मुभा देते.

कार्यालयांच्या ऊर्जा लेखापरीक्षणात विजेच्या युनिटांशेजारी कार्बन डायऑक्साइडची नोंदही सक्तीची करावी, एवढीच मागणी आहे. तूर्त आमची झडप अर्धी उघडली आहे. फिल्टरचा प्रस्ताव मात्र ‘पुढील तिमाहीत पाहू’ या शेऱ्यासह परत आला आहे.

– एक नोकरदार वाचक, अंधेरी, मुंबई