औषधाआधी नमुना: कुत्र्यांच्या जिवाणू तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या प्राणी दवाखान्यात तापलेले, उलट्या करणारे, डोळे पिवळे पडलेले कुत्रे येऊ लागतात. कोकणात पहिला संशय लेप्टोचाच (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार). पण गोचीड तापातही कुत्रा असाच मलूल होतो, अन्न टाकतो. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, म्हणून तेच सुरू करायचं आणि उतार पडला नाही की औषध बदलायचं, असं आजवर चाललं आहे. हे आता थांबवायचं आहे.

त्यासाठी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कल्चरची, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याची, सोय उभी करतोय. कानातला पू किंवा लघवी बशीतल्या माध्यमावर (जिवाणूंच्या खाद्यावर) पसरली की साधारण दुसऱ्या दिवशी जिवाणूंचे ठिपके उगवतात. ते नव्या बशीवर पसरून वर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर ३५ अंश सेल्सिअसला ठेवायची. सकाळी एका चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, तर दुसरीच्या अगदी कडेपर्यंत जिवाणूंची साय धरलेली असते. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजलं की कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. कुत्र्यांच्या कातडीवर हमखास सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियसच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. तिथे अंदाज कामाचा नाही.

लेप्टोची खात्री मात्र इथे होणार नाही. त्याच्या प्रमाणित चाचणीला प्रयोगशाळेत जिवंत लेप्टो वाढवावे लागतात, शिवाय काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त लागतं. म्हणून पीसीआरसाठी (जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) नमुने बाहेर पाठवू. आजाराच्या पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात सापडतात, पुढे लघवीत, तेव्हा आम्ही दोन्ही घेऊ. निदान लवकर झालं तर माणसंही वाचतात, कारण हे जंतू लघवीतून साचलेल्या पाण्यात जातात आणि अनवाणी पायांच्या भेगांतून शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईने ते भोगलं आहे.

इन्क्युबेटर (बशा ठरावीक उबेत ठेवणारी पेटी), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), नमुन्यांसाठी स्वतंत्र फ्रिज, बशा-माध्यमं आणि पीसीआरचा खर्च यांसाठी निधी हवा आहे. चालू स्थितीतला जुना फ्रिज किंवा बर्फाची पेटीही चालेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, जमाखर्च दवाखान्याच्या फळ्यावर लावू. नमुने वेळेत पोहोचवायला दुचाकीवाले तरुणही हवेत.

आणि वस्तीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या ताई-दादांना विनंती: कुत्रा आजारी दिसला तर घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. पहिल्या डोसानंतर जंतू सापडणं अवघड होतं. आधी आम्हाला कळवा, आम्ही नमुना घ्यायला येऊ.

आपले,
संस्थेचे डॉक्टर व कार्यकर्ते